झियाचा सूर्य, स्पेनचे रंग

अमेरिकेच्या पन्नास राज्यांचे झेंडे एका भिंतीवर ओळीने लावले, तर त्यांतले बरेचसे लांबून एकमेकांपासून वेगळे ओळखू येणार नाहीत. गडद निळं कापड, मधोमध राज्याची मुद्रा, मुद्रेत नांगर, जहाज, गरुड असं काहीबाही, जोडीला एखादं लॅटिन बोधवाक्य, आणि एवढं करूनही ओळख पटायची नाही अशी शंका आल्यासारखं खाली राज्याचं नाव. झेंड्यांचा अभ्यास करणारी मंडळी या प्रकाराला ‘चादरीवरचा शिक्का’ म्हणून हिणवतात. त्या निळ्या ओळीत एक झेंडा मात्र पिवळाधमक आहे. त्यावर अक्षर नाही, आकडा नाही, मुद्रा नाही. मध्यभागी लाल रेघांचा सूर्य आणि बाकी सगळं ऊन. हा न्यू मेक्सिकोचा झेंडा. उत्तर अमेरिकेतल्या ध्वजअभ्यासकांच्या संघटनेने २००१ साली अमेरिका आणि कॅनडातल्या ७२ प्रादेशिक झेंड्यांची पाहणी केली, तेव्हा हाच पहिला आला.

या झेंड्याला जोडून एक मानवंदनाही आहे. देशाच्या झेंड्यापुढची प्रतिज्ञा म्हणून झाली की न्यू मेक्सिकोतल्या अनेक शाळांमध्ये मुलं राज्याच्या झेंड्याला उद्देशून एक वाक्य म्हणतात. चित्र आणि वाक्य मिळून ही एक पूर्ण रचना आहे आणि ती सावकाश वाचण्याजोगी आहे. मात्र ती वाचताना नुसती दाद देऊन भागत नाही. एक जुना हिशेबही काढावा लागतो.

आधी आकृती पाहू. १९२५च्या कायद्यात तिचं वर्णन मोजून मापून केलं आहे. झेंड्याची रुंदी लांबीच्या दोन तृतीयांश. सूर्यचिन्ह लांबीच्या एक तृतीयांश. चिन्हाच्या मधल्या वर्तुळाचा व्यास चिन्हाच्या एक तृतीयांश. वर्तुळापासून चारी बाजूंना, काटकोनात, किरणांचे चार गट. प्रत्येक गटात चार किरण, त्यांतले मधले दोन बाजूच्या दोहोंपेक्षा एक पंचमांशाने लांब. आता हे कागदावर उतरवून पाहा. ९० सेंटिमीटर लांबीचा झेंडा घेतला, तर रुंदी ६०, चिन्ह ३०, वर्तुळ १०. म्हणजे वर्तुळाच्या अलीकडे १० सेंटिमीटरचा किरण, मध्ये १० सेंटिमीटरचं वर्तुळ, पलीकडे पुन्हा १० सेंटिमीटरचा किरण. सगळ्यात लांब किरण वर्तुळाच्या व्यासाइतकाच. नजर या चित्रावर ठरते ती या मापामुळे. सूर्याचं बिंब किरणांवर दादागिरी करत नाही आणि किरण बिंबाला गिळत नाहीत. मधले दोन किरण जरा पुढे आलेले असल्यामुळे प्रत्येक गटाला टोक येतं, नाहीतर चारही बाजूंना नुसत्या कंगव्यासारख्या रेघा उरल्या असत्या.

आणखी एक गोष्ट लगेच लक्षात येत नाही. वर्तुळ भरीव नाही. ते लाल कडं आहे आणि त्याच्या आत झेंड्याचाच पिवळा रंग आहे. एरवी सूर्य काढायचा म्हटलं की आपण पहिल्यांदा गोळा रंगवतो. इथे गोळा रिकामा ठेवला आहे, त्यामुळे सूर्याचं पोट आणि भोवतालचं आकाश एकाच रंगाचं झालं आहे. चिन्ह कापडावर चिकटवल्यासारखं वाटत नाही, कापडातूनच उमटल्यासारखं वाटतं. रचनेच्या दृष्टीने या झेंड्यातली सगळ्यात हुशारीची जागा कोणती असं विचारलं, तर मी या रिकाम्या वर्तुळावर बोट ठेवीन.

झेंडा हा वाऱ्यावर फडफडणारा, मागूनपुढून दिसणारा, कधी उलटाही लागणारा जिन्नस आहे, हे बहुतेक झेंडे काढणारे विसरतात. मागून पाहिलं की अक्षरं उलटी दिसतात, मुद्रेतला शेतकरी डावखुरा होतो. न्यू मेक्सिकोचा झेंडा मागून पाहा, उलटा धरा, तो तसाच दिसतो. चारी दिशांना सारखा असलेला हा सूर्य खाली डोकं वर पाय होऊच शकत नाही. शिवाय तो लहान मुलाला आठवणीतून काढता येतो: एक गोल, चार बाजू, चार-चार रेघा. चांगल्या झेंड्याची ही पहिली कसोटी मानली जाते आणि मुद्रा मिरवणारी राज्यं तिथेच नापास होतात.

न्यू मेक्सिकोही एकदा नापास झालं होतं. ६ जानेवारी १९१२ रोजी ते अमेरिकेचं ४७वं राज्य झालं आणि १९१५ साली राल्फ इमर्सन ट्विचेल या इतिहासकाराने काढलेला पहिला झेंडा स्वीकारला गेला. निळी जमीन, वरच्या कोपऱ्यात छोटा अमेरिकी झेंडा, शिवाय ४७ हा आकडा, राज्याची मुद्रा आणि राज्याचं नाव. आपण कोण, कितवे आणि कोणाचे, हे सगळं त्यात लिहून ठेवलं होतं. नव्याने भरती झालेल्या माणसाने आपलं ओळखपत्र छातीवर लावून फिरावं तशातला तो झेंडा होता. ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या महिला संघटनेने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या झेंड्यासाठी खटपट केली, स्पर्धा झाली, आणि हॅरी मेरा यांचं चित्र निवडलं गेलं. मेरा पेशाने डॉक्टर, सांता फेचे रहिवासी, आणि पुरातत्त्वाचा नाद असलेले. पहिला झेंडा शिवला त्यांच्या पत्नी रेबा यांनी. मार्च १९२५मध्ये राज्यपाल आर्थर हॅनेट यांनी कायद्यावर सही केली.

मेरा यांनी हा सूर्य मनाने काढलेला नव्हता. तो त्यांना सांता फेच्या संग्रहालयातल्या एका मातीच्या भांड्यावर दिसला होता. भांडं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आणि झिया प्वेब्लोमधलं. स्पॅनिश भाषेत प्वेब्लो म्हणजे गाव. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला मातीच्या घरांची वस्ती करून शेकडो वर्षं राहिलेल्या आदिवासी समाजांना स्पॅनिशांनी हेच नाव दिलं. आज न्यू मेक्सिकोत असे १९ प्वेब्लो आहेत. झिया त्यांतला एक लहान प्वेब्लो, आल्बुकर्कीच्या वायव्येला, हेमेझ नदीकाठी वसलेला. तिथली भाषा केरेस. तिथली मडकी आणि रांजण नावाजलेले. ज्या हाताने त्या भांड्यावर सूर्य काढला, त्या कुंभाराचं नाव कुठेही नोंदलेलं नाही. झेंड्याच्या इतिहासात डॉक्टरांचं नाव आहे, त्यांच्या पत्नीचं आहे, राज्यपालांचं आहे.

झिया लोकांसाठी हा सूर्य शोभेची नक्षी नाही. तो त्यांच्या धार्मिक विधींतला आहे. चार हा त्यांच्याकडे पवित्र आकडा: दिशा चार, ऋतू चार, दिवसाचे प्रहर चार, आयुष्याच्या अवस्था चार, आणि माणसाची कर्तव्यंही चार, म्हणजे शरीर बळकट ठेवणं, बुद्धी स्वच्छ ठेवणं, मन निर्मळ ठेवणं आणि आपल्या लोकांचं भलं पाहणं. या सगळ्यांना बांधणारं मधलं वर्तुळ म्हणजे आदि-अंत नसलेलं जीवन. झेंड्याची माहिती देणाऱ्या सरकारी पुस्तिकांत हा अर्थ छापलेला सापडतो. अर्थ सुंदर आहे आणि चित्रात तो नेमका दिसतो, ओढूनताणून बसवावा लागत नाही. चाराची आवर्तनं आणि त्यांना धरून ठेवणारं एक कडं, यापेक्षा जास्त काही चित्रात नाहीच.

आता रंग. कायद्यात लिहिलं आहे की लाल आणि पिवळा हे ‘जुन्या स्पेनचे’ रंग असावेत. इतिहास काटेकोरपणे पाहिला तर इथे थोडी गफलत आहे. लाल-पिवळा झेंडा स्पेनच्या आरमाराला मिळाला तो १७८५ साली, तिसऱ्या कार्लोसच्या राजवटीत. हुआन दे ओन्याते १५९८ साली वसाहत करायला न्यू मेक्सिकोत आला, तेव्हा स्पेनच्या फौजा बरगंडीचा क्रूस मिरवत असत, पांढऱ्यावर लाल तिरका. पण सोनेरी किल्ला आणि लाल जमीन ही कास्तीलची राजचिन्हं जुनी होती आणि राणी इसाबेलाचं नाव लोकांच्या मनात त्या रंगांशी जोडलं गेलं होतं. १९२५च्या सांता फेला एवढं पुरेसं होतं. त्या काळात ते शहर स्वतःची नवी ओळख घडवण्यात गुंतलं होतं. मातीच्या भिंतींची घरं, स्पॅनिश पद्धतीचे उत्सव, १९२२पासून भरू लागलेला आदिवासी कारागिरांचा बाजार, हे सगळं बाहेरून आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या कलावंतांनी, अभ्यासकांनी आणि प्रवासी-व्यवसायाने उचलून धरलं होतं. झेंडा त्याच हवेत जन्मला.

म्हणून त्याची घडण पाहण्यासारखी आहे. चिन्ह आदिवासींचं, रंग स्पॅनिशांचे. तिसरा समाज, म्हणजे १८४८च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने हा मुलूख अमेरिकेच्या हाती आल्यावर सत्तेवर आलेले इंग्रजीभाषक, चित्रात कुठेच दिसत नाहीत. दिसण्याची गरजही नाही. निवड त्यांची आहे, मापं त्यांची आहेत, कायदा त्यांच्या भाषेत आहे. ज्याच्या हातात लेखणी असते तो चित्रात बहुधा नसतोच.

मानवंदनेचं वाक्य वाचायला घ्यावं ते इथे. मी न्यू मेक्सिको राज्याच्या ध्वजाला, आणि एकत्र आलेल्या संस्कृतींमधल्या परिपूर्ण मैत्रीचं प्रतीक असलेल्या झिया चिन्हाला वंदन करतो, असा त्याचा आशय आहे. एवढंच. ते इंग्रजीत म्हटलं जातं आणि स्पॅनिशमध्येही. केरेस भाषेत म्हणण्याची सोय कायद्याने केलेली नाही.

हे वाक्य किती वेगळं आहे ते कळायला त्याच्या शेजारी त्याची मोठी भावंडं ठेवून पाहावी लागतात. अमेरिकेची राष्ट्रीय प्रतिज्ञा फ्रान्सिस बेलामी यांनी लिहिली. ते बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होते आणि विचाराने समाजवादी. सप्टेंबर १८९२मध्ये ती बॉस्टनच्या ‘द यूथ्स कम्पॅनियन’ या साप्ताहिकात छापली गेली. निमित्त होतं कोलंबसच्या आगमनाला चारशे वर्षं झाल्याच्या शालेय सोहळ्याचं. हे साप्ताहिक त्याच सुमारास शाळांना झेंडे विकण्याची मोहीमही चालवत होतं, हे सांगितल्याशिवाय ही कथा पुरी होत नाही. बेलामींच्या मूळ मजकुरात मुलाची निष्ठा ‘माझ्या’ झेंड्याला होती. परदेशांतून आलेली मुलं मनात भलताच झेंडा धरून म्हणतील अशी शंका आली, म्हणून १९२३-२४मध्ये देशाचं नाव घालून तो मजकूर पक्का केला गेला. पुढे १९५४ साली, साम्यवादाच्या भीतीच्या दिवसांत, ईश्वराचा उल्लेख आला. हात पुढे ताणून वंदन करण्याची मूळ पद्धत नाझी सलामासारखी दिसू लागली, म्हणून १९४२मध्ये हात छातीवर आला. शंका आली की एक शब्द वाढवायचा, असा या प्रतिज्ञेचा इतिहास आहे.

टेक्सासची प्रतिज्ञा त्याच घराण्यातली. १९३३ साली ती मंजूर झाली तेव्हा तिच्यात ‘१८३६च्या’ टेक्सास झेंड्याला उद्देशून निष्ठा वाहिली होती, आणि एका ताऱ्याचा सध्याचा झेंडा तर १८३९चा! मुलं भलत्याच झेंड्याला निष्ठा वाहत होती ती १९६५ साली दुरुस्ती होईपर्यंत. २००७मध्ये तिथेही ईश्वर आला. टेक्सासच्या शाळांत देशाची आणि राज्याची अशा दोन्ही प्रतिज्ञा रोज म्हणाव्यात असा कायदा आहे. पालकांनी लेखी कळवलं तर मुलाला सूट मिळते.

या दोन्ही मजकुरांत मूल काहीतरी देऊ करतं: निष्ठा. मागणारा मोठा, देणारा लहान. न्यू मेक्सिकोचं वाक्य मुलाकडून काहीच मागत नाही. त्यात निष्ठा नाही, अखंडतेची ग्वाही नाही, ईश्वर नाही, शत्रूची चाहूल नाही. मूल नुसतं वंदन करतं, रस्त्यात ओळखीचं माणूस भेटल्यावर करावं तसं. आणि वंदन कुणाला? पहिल्यांदा झेंड्याला. मग लगेच झेंड्यावरच्या चिन्हाला, त्याच्या मूळ मालकाचं नाव घेऊन. राज्याच्या अधिकृत वाक्यात एका लहान आदिवासी गावाचं नाव रोज मुलांच्या तोंडी येतं, हा साधा प्रकार नाही. वाक्याची बांधणीही त्या नावाला मान देणारी आहे. झेंडा आधी येतो, पण अर्थाचा सगळा भार चिन्हावर पडतो. झेंड्याबद्दल वाक्य काही सांगत नाही. चिन्हाबद्दल सांगतं, आणि जे सांगतं ते ध्येय म्हणून नव्हे, घडून गेलेली गोष्ट म्हणून: संस्कृती एकत्र आलेल्या आहेत, मैत्री परिपूर्ण आहे.

आपल्याला हे वाक्य वाचताना आपली शाळेतली प्रतिज्ञा आठवणं साहजिक आहे. पैदीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली विशाखापट्टणमला, सरकारी कोषागारात अधिकारी असताना, तेलुगूत लिहिली. २६ जानेवारी १९६५पासून ती देशभरच्या शाळांत म्हटली जावी असं ठरलं. बालभारतीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवर ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यात झेंडा नाही, ईश्वर नाही. देश आहे, देशबांधव आहेत, आईवडील, गुरुजन आणि वडीलधारी माणसं आहेत. निष्ठा आहे, पण ती कापडाला नाही, देशाला आणि माणसांना आहे. आपल्याकडे राज्यांचे अधिकृत झेंडेही नाहीत. जम्मू-काश्मीरचा नांगराचा लाल झेंडा २०१९मध्ये गेला, आणि कर्नाटकातल्या लोकांनी आपला मानलेल्या लाल-पिवळ्या झेंड्याला केंद्राची मान्यता नाही. त्यामुळे राज्याच्या झेंड्यापुढे उभं राहून म्हणायचं वाक्य ही कल्पनाच आपल्याला परकी आहे. पण अशा वाक्यांची सक्ती करता येते का, हा प्रश्न दोन्ही देशांच्या सर्वोच्च न्यायालयांपुढे आला, आणि दोन्हीकडे तो जेहोवाज विटनेसेस या पंथाच्या मुलांमुळेच आला. अमेरिकेत १९४३ साली बार्नेट खटल्यात न्यायालयाने स्वतःचा तीन वर्षांपूर्वीचाच निकाल फिरवला आणि मुलांना झेंड्यापुढे प्रतिज्ञा म्हणायची सक्ती करता येणार नाही असं सांगितलं. आपल्याकडे १९८६ साली केरळच्या तीन भावंडांच्या खटल्यात न्यायालयाने मान्य केलं की राष्ट्रगीताला आदराने उभी राहणारी मुलं ते गात नाहीत म्हणून त्यांना शाळेतून काढता येणार नाही. मैत्रीला वंदन करणाऱ्या वाक्यावर मात्र कुणी अशी हरकत घेईल असं सहसा वाटणार नाही.

आणि तरीही हरकतीला जागा आहे. ती ‘परिपूर्ण’ या विशेषणात आहे.

झेंड्यातलं चिन्ह आणि झेंड्यातले रंग १९२५च्या आधीही एकदा समोरासमोर आले होते. १६८० साली पोपे या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली प्वेब्लोंनी उठाव करून स्पॅनिशांना न्यू मेक्सिकोतून हाकलून दिलं. बारा वर्षं हा मुलूख प्वेब्लोंचा होता. मुलूख परत मिळवायच्या स्पॅनिश मोहिमांत १६८९ साली दोमिंगो हिरोन्सा दे क्रुसाते याच्या फौजेने गाठलं ते झिया प्वेब्लो. गाव जाळलं गेलं, शेकडो माणसं मारली गेली, उरलेल्यांतली कितीतरी कैदी म्हणून नेली गेली. झियाचा सूर्य स्पेनच्या रंगांत रंगवलेला पाहताना हे साल डोक्यातून जात नाही. ज्यांच्या राजाच्या नावाने ते गाव बेचिराख झालं, त्यांच्याच रंगात त्या गावाचा सूर्य उगवला आहे. मेरा यांच्या मनात समेट असेल, असणारच. पण समेटाच्या बैठकीत एका पक्षाला बोलावलंच नव्हतं.

मागचं सोडा, झेंड्याच्या स्वतःच्या काळाकडे पाहू. १९२२ साली न्यू मेक्सिकोचेच सिनेटर होम बर्सम यांनी एक विधेयक आणलं होतं. प्वेब्लोंच्या जमिनींवर घुसलेल्या बाहेरच्या लोकांचे दावे त्याने पक्के झाले असते. प्वेब्लोंनी त्या नोव्हेंबरात सांतो दोमिंगो या प्वेब्लोत एकत्र जमून त्याला विरोध केला आणि विधेयक पडलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्याच एका गावाचं चिन्ह राज्याच्या माथ्यावर चढलं. १९२४च्या कायद्याने आदिवासींना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, पण न्यू मेक्सिकोच्या राज्यघटनेत कर न भरणाऱ्या आदिवासींना मतदान नाकारणारी तरतूद होती. इस्लेटा प्वेब्लोचे मिगेल त्रुहियो, शिक्षक आणि दुसऱ्या महायुद्धात मरीन दलात असलेले सैनिक, मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले तेव्हा त्यांना परत पाठवण्यात आलं. ते न्यायालयात गेले आणि १९४८ साली जिंकले. म्हणजे हा झेंडा तेवीस वर्षं फडकत होता, आणि ज्यांचा सूर्य त्यावर होता त्यांना राज्याच्या निवडणुकीत मत नव्हतं.

चिन्ह घेताना झियांना कुणी विचारलं नव्हतं. झेंड्यावरून ते गाड्यांच्या नंबरप्लेटवर गेलं, तिथून पाट्यांवर, कपांवर, टी-शर्टांवर, दुकानांच्या नावांत. १९९०च्या दशकात झियांनी राज्याकडे भरपाई मागितली. हिशेब सोपा होता: वापराच्या प्रत्येक वर्षासाठी दहा लाख डॉलर. रक्कम मिळाली नाही, पण मागणीने विषय ऐरणीवर आला. आदिवासींच्या चिन्हांना ट्रेडमार्कच्या कायद्यात संरक्षण कसं देता येईल यावर संसदेच्या सांगण्यावरून १९९९मध्ये सुनावण्या झाल्या, आणि नंतर पेटंट-ट्रेडमार्क कार्यालयाने आदिवासी समाजांच्या अधिकृत चिन्हांची नोंद ठेवायला सुरुवात केली. ज्या भांड्यावरून सूर्य उचलला गेला, ते भांडं २००० साली झियांना परत मिळालं. त्याच वर्षी साउथवेस्ट एअरलाइन्सने आपल्या एका विमानावर हे चिन्ह रंगवायचं ठरवलं तेव्हा आधी झियांना विचारलं आणि त्यांच्या शिष्यवृत्ती निधीला देणगी दिली. २०१२ साली न्यू मेक्सिकोच्या विधिमंडळाने हे चिन्ह झियांचं आहे असं मान्य करणारा ठराव केला. दूर विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहराच्या १९६२च्या झेंड्यावर हाच सूर्य होता. झियांशी त्या शहराचा काडीचा संबंध नव्हता. २०१८ साली शहराने तो काढून टाकला.

या सगळ्यात झियांची भूमिका झेंडा उतरवा अशी नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. त्यांचं म्हणणं इतकंच आहे की विचारा, आणि चिन्हाचा अर्थ समजून ते वापरा. म्हणजे ज्याला मानवंदना मैत्री म्हणते, त्या मैत्रीचा पहिला नियम पाळा.

मग या रचनेचं मूल्यमापन काय करायचं? चित्र म्हणून हा झेंडा अमेरिकेतला सगळ्यात चांगला आहे, यात मला शंका नाही. त्याचं माप, त्याचं रिकामं वर्तुळ, त्याची अक्षरांवाचून बोलण्याची ताकद, याला तोड नाही, आणि यातला मोठा वाटा त्या अनामिक कुंभाराचा आहे. मेरा यांचं श्रेय पारखी नजरेचं आणि हात आवरण्याचं. मानवंदनाही आपल्या जातीत श्रेष्ठ आहे, कारण ती मुलाला कुणापुढे वाकायला लावत नाही. तिचा दोष एकच: जे घडायचं आहे ते घडून गेलं असं ती सांगते. ‘परिपूर्ण’ हा शब्द तिने कमावलेला नाही. पण तो काढून टाकावा असंही मला वाटत नाही. तो तिथे असल्यामुळेच झियांना राज्याकडे बोट दाखवून म्हणता येतं, तुमचीच मुलं रोज सकाळी काय म्हणतात ते ऐका.

वाचकांना एक विनंती. अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याने कधी पिवळ्या जमिनीवरच्या लाल सूर्याचा टी-शर्ट पाठवला, तर तो न्यू मेक्सिकोचा सूर्य आहे असं म्हणू नका. तो झियांचा आहे. न्यू मेक्सिकोने तो न विचारता घेतला आणि १९२५पासून वापरला आहे.